एक मिनिट, एकच चित्र आणि बीथोव्हेन: आवडीच्या विषयातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?



पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात एक प्रश्न असतो: मला जे आवडतं त्यावर रिसर्च करता येईल का? कुणाला क्रिकेट आवडतं, कुणाला गडकिल्ले, कुणाला ॲनिमे. मी तिसऱ्या गटातली. माझी एमएस्सी भौतिकशास्त्रातली आणि पीएचडी ध्वनीच्या आकलनावर, म्हणजे कानावर पडलेल्या आवाजाचा माणूस अर्थ कसा लावतो यावर. दिवसभर लॅब आणि रात्री हॉस्टेलवर हेडफोन लावून ॲनिमे, असं बरीच वर्षं चाललं. मग या दोन गोष्टी जोडून मी एक प्रस्ताव लिहिला: 'ॲनिमेमधील पाश्चात्त्य अभिजात संगीताचा प्रेक्षकांवर होणारा परिणाम'. शीर्षक भारदस्त होतं. समितीने प्रस्ताव परत पाठवला आणि माझे आठ महिने गेले.

समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला होता. "तुमचं म्हणणं चूक ठरायचं असेल, तर काय दिसायला हवं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज त्या फसलेल्या प्रस्तावाचं पोस्टमॉर्टेम करू या. त्यातून दोन गोष्टी होतील. ॲनिमेमध्ये हे संगीत नेमकं काय काम करतं ते कळेल, आणि आवड ते प्रश्न हा प्रवास कसा करायचा तेही. तुमचा विषय सोयाबीनवरची कीड असला तरी दुसरा भाग उपयोगी पडेल.

(एक सूचना: 'नियॉन जेनेसिस इव्हँगेलियन' बघायचं राहिलं असेल, तर पुढे कथा उघड होणार आहे.)

सुरुवात जिथून झाली तो सीन

'इव्हँगेलियन' ही हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली मालिका १९९५-९६ मध्ये जपानी टीव्हीवर आली. तिच्या २४व्या भागात कावोरू नावाचा मुलगा येतो. पाण्यातल्या पडक्या पुतळ्यावर बसून तो एक चाल गुणगुणत असतो. ती बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागातली, 'ओड टू जॉय'ची चाल. भागाच्या शेवटी हाच कावोरू नायकाच्या, म्हणजे शिंजीच्या, महाकाय यंत्राच्या मुठीत असतो आणि शिंजीला त्याला मारायचं असतं. इथे चित्र थांबतं. सुमारे एक मिनिट पडद्यावर काहीही हलत नाही. यंत्र, मूठ, मुठीतला मुलगा. आणि मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि कोरस आनंदाचं गाणं गात असतो.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं व्हिडिओ अडकला. मी चक्क वायफाय तपासलं. मग लक्षात आलं की संगीत चालू आहे, म्हणजे वेळ चालू आहे. तो सीन मी त्या रात्री चार वेळा पाहिला.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: 'अभिजात संगीतामुळे ॲनिमेमधले सीन जास्त भावनिक होतात.' माझ्या चुकीची सुरुवात या वाक्यापासून झाली. का, ते एकेक करून बघू.

पहिली चूक: शब्दाची व्याख्याच नाही

मराठीत 'क्लासिकल' म्हटलं की आपल्याला तानपुरा आठवतो. शास्त्रीय संगीत म्हणजे राग, ताल, बंदिश. इथे विषय वेगळा आहे, म्हणून मी 'पाश्चात्त्य अभिजात संगीत' म्हणते. पण तेवढ्याने भागत नाही. खालच्या उदाहरणांपैकी कोणती तुम्ही तुमच्या डेटात घ्याल?

'इव्हँगेलियन'मध्ये बीथोव्हेनची रचना जशीच्या तशी वाजते. ही तर नक्कीच घ्याल. 'पोन्यो' (२००८) मध्ये पोन्यो लाटांवरून धावत येते, तेव्हा जो हिसाईशी यांचं संगीत वाग्नरच्या 'वाल्कीरींच्या स्वारी'ची आठवण करून देतं, पण रचना हिसाईशींची स्वतःची आहे. शिवाय पोन्योचं मूळ नाव ब्रुनहिल्ड, म्हणजे वाग्नरच्या ऑपेरातल्या वाल्कीरीचं. ही घ्याल का? आणि 'गोश द चेलिस्ट'मध्ये चेलोवादक एक पूर्णपणे नवी रचना वाजवतो, पण अभिजात वाद्यावर. ही?

तिन्ही घेतल्या तर निष्कर्ष एक निघेल, फक्त पहिली घेतली तर दुसरा. व्याख्येमुळेच तुमचं सॅम्पल ठरतं. मी माझ्या दुसऱ्या मसुद्यात असं ठरवलं: आधीपासून अस्तित्वात असलेली, संगीतकाराच्या नावाने ओळखली जाणारी रचना, जी त्या ॲनिमेसाठी लिहिलेली नाही. याने 'पोन्यो' बाहेर गेला. वाईट वाटलं, पण सीमा आखली की काहीतरी बाहेर जाणारच.

दुसरी चूक: माझ्यासाठी परकं, म्हणून त्यांच्यासाठीही परकं

प्रस्तावात मी लिहिलं होतं की जपानी दिग्दर्शक 'परकेपणाचा परिणाम साधण्यासाठी' पाश्चात्त्य संगीत वापरतात. हे मी कशावरून लिहिलं? कशावरूनच नाही. माझ्या घरी ते संगीत परकं होतं, एवढंच.

जपानचा इतिहास वाचल्यावर चूक कळली. मेइजी काळात, १८७९ मध्ये, जपानच्या शिक्षण मंत्रालयाने शाळांत कोणतं संगीत शिकवायचं ते ठरवण्यासाठी एक विभाग काढला. इसावा शुजी त्याचे प्रमुख होते. १८८० मध्ये त्यांनी बॉस्टनहून ल्यूथर व्हायटिंग मेसन यांना बोलावलं. १८८१ मध्ये शाळेसाठी जे पहिलं गाण्यांचं पुस्तक निघालं, त्यात स्कॉटिश चालीवर जपानी शब्द बसवलेलं एक गाणं होतं. आजही जपानी शाळांच्या निरोप समारंभात ते गायलं जातं. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं जपानी मूल पाश्चात्त्य स्वरांवरच शाळा शिकतंय. यामाहाने पियानो बनवायला सुरुवात केली ती १९०० मध्ये.

आणि नववी सिंफनी? तिचं जपानमधलं पहिलं सादरीकरण १ जून १९१८ रोजी झालं असं मानलं जातं, आणि तेही तोकुशिमा प्रांतातल्या बांदो इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन सैनिकांनी ती वाजवली होती. पुढे डिसेंबरमध्ये नववी सिंफनी ऐकणं ही जपानमध्ये रीतच झाली. हौशी गायकांचे मोठमोठे समूह कोरस गातात. तिथे तिला नुसतं 'दाईकु' म्हणतात, म्हणजे 'नववी'. कुणाची, ते सांगावं लागत नाही.

आता तो सीन पुन्हा आठवा. जपानी प्रेक्षकाला ती चाल वर्षअखेरीची, एकत्र येण्याची, सरत्या वर्षाला निरोप देण्याची चाल म्हणून माहीत आहे. मला ती कुठलीच चाल म्हणून माहीत नव्हती. सीन तोच, संगीत तेच, पण ऐकणारे दोन वेगळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिच्याकडेच यायचं आहे.

तिसरी चूक: सगळे वापर एकाच टोपलीत

'ॲनिमेमध्ये अभिजात संगीत' असं म्हटलं की वाटतं एकच प्रकार आहे. प्रत्यक्षात निदान चार वेगवेगळी कामं दिसतात.

एक, चित्रं संगीताच्या मागे जातात. ओसामू तेझुका यांनी १९६६ मध्ये मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'वर त्याच नावाची फिल्म केली. १९८७ मध्ये त्यांनी चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीवर 'लेजंड ऑफ द फॉरेस्ट' केली. सिंफनीचे चार भाग आणि फिल्मचेही चार भाग, असा बेत होता. पहिला आणि चौथा पूर्ण झाला आणि १९८९ मध्ये तेझुका गेले. दुसरा भाग त्यांच्या मुलाने २०१४ मध्ये पूर्ण केला. अशा कामात संगीत हीच पटकथा असते. डिस्नेची 'फँटेशिया' (१९४०) याच वाटेवरची.

दोन, संगीत हेच कथेचं काम असतं. इसाओ ताकाहाता यांचा 'गोश द चेलिस्ट' (१९८२) घ्या. केंजी मियाझावा यांच्या कथेवरचा हा तासाभराचा सिनेमा पूर्ण व्हायला सहा-एक वर्षं लागली. गोश हा गावातल्या ऑर्केस्ट्रातला कच्चा चेलोवादक, आणि बसवायची आहे बीथोव्हेनची सहावी, 'पास्टोरल' सिंफनी. रात्री मांजर, कोकीळ, रॅकून कुत्र्याचं पिल्लू, उंदीर येतात आणि नकळत त्याला शिकवून जातात. गंमत म्हणजे मांजराला पळवून लावायला गोश जी धून वाजवतो तिचं नाव 'भारतातली वाघाची शिकार'. रचना काल्पनिक, पण भारत मियाझावांच्या मूळ कथेतलाच.

पुढच्या काळातल्या 'नोदामे कांताबिले', 'युअर लाय इन एप्रिल', 'पियानो नो मोरी' याच घराण्यातल्या. 'युअर लाय इन एप्रिल' (२०१४-१५) मधल्या कोसेईला स्वतःचा पियानोच ऐकू येईनासा होतो, आणि शेवटी शोपाँच्या पहिल्या बॅलडमधून तो निरोप घेतो. इथे संगीत काढून टाकलं तर कथाच उरत नाही. 'पियानो नो मोरी'च्या २०१८ च्या मालिकेत शोपाँ स्पर्धेची गोष्ट आहे, आणि त्यातल्या आजिनो नावाच्या पात्रासाठी पियानो वाजवला होता क्योहेई सोरिता यांनी. २०२१ मध्ये वॉर्सातल्या खऱ्या शोपाँ स्पर्धेत सोरितांना दुसरा क्रमांक विभागून मिळाला!

तीन, संगीत बाहेरून अर्थ घेऊन येतं. 'मेमरीज' (१९९५) मधली पहिली गोष्ट 'मॅग्नेटिक रोझ'. दिग्दर्शक कोजी मोरिमोतो, पटकथा सातोशी कोन, संगीत योको कान्नो. अवकाशात तरंगणाऱ्या एका भंगार जहाजात मेलेल्या ऑपेरा गायिकेच्या आठवणी जिवंत आहेत आणि तिथे पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'मधलं गाणं घुमतं. तो ऑपेरा (१९०४) नागासाकीतल्या एका स्त्रीची वाट पाहण्याची गोष्ट सांगतो. इटालियन माणसाने कल्पिलेलं जपान, जपानी सिनेमात परत आलेलं. ऑपेराची कथा माहीत असेल तर ही गायिका कशाची वाट बघत अडकली आहे ते लगेच कळतं. माहीत नसेल तर फक्त सुंदर आवाज ऐकू येतो.

चार, संगीत चित्राच्या उलट जातं. 'इव्हँगेलियन'च्या २२व्या भागात असुकाच्या मनावर हल्ला होतो, तिच्या आठवणी ओरबाडल्या जातात, आणि मागे हँडलच्या 'मसीहा'मधला 'हालेलुया' कोरस वाजतो. १९९७ च्या 'द एंड ऑफ इव्हँगेलियन'मध्ये असुकाच्या शेवटच्या, रक्तबंबाळ लढाईत बाखचं शांत 'एअर' वाजतं. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियों यांनी अशा वापराला नाव दिलं आहे, 'ॲनएम्पथेटिक' संगीत. मराठीत 'बेपर्वा संगीत' म्हणू या. समोर कुणाचा जीव जातोय आणि संगीताला त्याचं काहीच नाही. कुब्रिकच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मध्ये (१९७१) बीथोव्हेन असाच येतो.

आता माझं वाक्य आठवा: 'अभिजात संगीतामुळे सीन जास्त भावनिक होतात.' पहिल्या प्रकारात भावना हा मुद्दाच नाही. दुसऱ्यात भावना कथेची आहे की संगीताची, हे वेगळं काढता येत नाही. चौथ्यात संगीत भावनेला साथ देण्याऐवजी पाठ फिरवतं. एवढ्या वेगळ्या गोष्टींवर एकच विधान केलं तर ते नेहमीच थोडंसं खरं निघतं. आणि जे विधान नेहमीच थोडंसं खरं निघतं, ते तपासता येत नाही. सरांचा प्रश्न हाच होता.

ॲनिमेचं स्वतःचं काय?

इथे कुणीही विचारेल, हे सगळं तर लाइव्ह-ॲक्शन सिनेमातही होतं, मग ॲनिमेच का? हा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो, म्हणून आधीच उत्तर शोधा.

माझं उत्तर थांबलेल्या चित्रात आहे. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स असतात. टीव्ही ॲनिमेमध्ये खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी एकच चित्र तीन-तीन फ्रेम्स वापरण्याची पद्धत रुळली, म्हणजे सेकंदाला साधारण आठ चित्रं, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी. कॅमेऱ्यासमोर जिवंत नट एक मिनिट स्तब्ध बसला, तरी त्याचा श्वास दिसतो, पापणी हलते. ॲनिमेमध्ये थांबणं म्हणजे पूर्ण थांबणं. एका मिनिटाच्या १४४० फ्रेम्स आणि चित्र एकच. अशा वेळी वेळ पुढे जातोय हे प्रेक्षकाला कोण सांगतं? फक्त आवाज.

त्यात संगीत नवीन असेल तर ते कधीही संपू शकतं. पण नववी सिंफनी माहीत असलेल्या माणसाला पुढे काय येणार आणि कुठे संपणार ते ठाऊक असतं. त्याच्यासाठी ते मिनिट म्हणजे उलटी मोजणी. चित्र सांगत नाही, पण संगीत सांगतं की निर्णयाची वेळ संपत आली.

कारण वेगळं, परिणाम वेगळा

या सीनबद्दल एक चर्चा नेहमी चालते: पैसे आणि वेळ संपला म्हणून एकच चित्र ठेवलं, की ती दिग्दर्शकाची कल्पना होती? मीसुद्धा यावर मित्रांशी तावातावाने भांडले आहे. नंतर कळलं की आम्ही दोन प्रश्न एकत्र कालवत होतो.

'असं का केलं?' हा कारणाचा प्रश्न. त्याला कागदपत्रं, मुलाखती, स्टोरीबोर्ड लागतात. 'त्यामुळे काय होतं?' हा परिणामाचा प्रश्न. त्याला प्रेक्षक लागतात. पैसे संपले म्हणून घेतलेल्या निर्णयाचाही परिणाम जबरदस्त असू शकतो. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

याचं आणखी चांगलं उदाहरण म्हणजे 'लेजंड ऑफ द गॅलेक्टिक हीरोज'. योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्यांवरची ११० भागांची ही मालिका १९८८ ते १९९७ या काळात व्हिडिओवर आली. तिच्यात माहलर, ब्रुकनर, बीथोव्हेन, ड्वोर्झाक यांच्या सिंफनींचा अक्षरशः पूर आहे. आता दोन स्पष्टीकरणं बघा.

पहिलं, अर्थाचं. कथेतलं साम्राज्य जर्मन वळणाचं आहे, सेनापती राइनहार्ड फॉन लोएनग्राम, घराणं गोल्डनबाउम. त्याला जर्मन-ऑस्ट्रियन सिंफनी शोभतात.

दुसरं, उपलब्धतेचं. मूळ कादंबऱ्या तोकुमा शोतेनने छापलेल्या, आणि त्याच समूहाच्या तोकुमा जपान या रेकॉर्ड कंपनीकडे पूर्व जर्मनीतल्या अभिजात ध्वनिमुद्रणांच्या साठ्याचे जपानमधले हक्क होते. घरात धान्य आहे तर पोळ्या करा, असा हिशोब.

दोन्ही पटतात ना? पटणं पुरेसं नाही. मी गाइड मॅडमकडे पहिलं स्पष्टीकरण घेऊन गेले होते, अगदी खुशीत. त्या म्हणाल्या, "दुसरंही पटतंय. मग दोघांमध्ये भांडण लावून बघ." म्हणजे असा डेटा शोध जिथे दोन स्पष्टीकरणं वेगवेगळं भाकीत करतात. अर्थाचं स्पष्टीकरण खरं असेल तर जर्मन-ऑस्ट्रियन संगीतकार साम्राज्याच्या सीन्समध्ये जास्त आणि लोकशाहीवाद्यांच्या सीन्समध्ये कमी दिसायला हवेत. फक्त उपलब्धता असेल तर दोन्ही बाजूंना सारखेच दिसतील. ११० भाग, प्रत्येक सीनची नोंद, बाजू कोणती, रचना कोणाची. काम कंटाळवाणं आहे, पण करता येतं. आणि यात मी चूक ठरू शकते. म्हणून हा प्रश्न आहे.

याच मालिकेच्या १९८८ च्या पहिल्या सिनेमात शेवटच्या अवकाश-युद्धावर राव्हेलचा 'बोलेरो' जवळजवळ अख्खा वाजतो. 'बोलेरो' (१९२८) म्हणजे एकच ताल-आकृती ड्रमवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि आवाज हळूहळू चढत जाणारा. स्फोटांच्या धांदलीला तो एक सरळ चढण देतो. इथे 'अर्थ' आणि 'उपलब्धता' दोन्ही बाजूला राहतात आणि तिसरंच स्पष्टीकरण पुढे येतं: रचनेचा आकार. तुमच्या दोन गृहीतकांत न बसणारं उदाहरण सापडलं तर ते लपवू नका. तेच पुढच्या चॅप्टरचं बियाणं असतं.

परिणाम मोजायचा कसा?

आता माझ्या क्षेत्राकडे येते. संगीताने चित्राचा अर्थ बदलतो, हे प्रयोगाने दाखवता येतं का? येतं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या महत्त्वाच्या प्रयोगांपैकी एक ॲनिमेशनवरच झाला. १९४४ मध्ये हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म वापरली होती. तिच्यात फक्त एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक उघडझाप होणारी चौकट. तरी बघणाऱ्यांनी त्यात भांडण, पाठलाग, दादागिरी पाहिली. १९८८ मध्ये मार्शल आणि कोहेन यांनी तीच फिल्म वेगवेगळ्या संगीतासह दाखवली. संगीत बदललं तसं लोकांनी त्या आकृत्यांना दिलेले गुणही बदलले. त्रिकोण तोच!

या प्रयोगाचं सौंदर्य साधेपणात आहे. चित्र कायम, संगीत बदलतं, बाकी काही नाही. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी 'अभिजात संगीत असलेले सीन' आणि 'नसलेले सीन' यांची तुलना करणार होते. म्हणजे चित्र, कथा, पात्रं, संवाद सगळंच बदललं असतं आणि श्रेय मी संगीताला दिलं असतं.

आता शेवटचा धागा ओढू. मघाशी म्हटलं, जपानी प्रेक्षकाला 'दाईकु' माहीत आहे, मला नव्हती. 'हालेलुया'चा उपरोध कळायला तो स्तुतीचा कोरस आहे हे माहीत असावं लागतं. मग ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी ते 'बेपर्वा' संगीत असतं का, की फक्त मोठा, भव्य आवाज? आपल्याकडे असे प्रेक्षक शोधायला लांब जावं लागत नाही. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, कुठल्याही हॉस्टेलवर ॲनिमे बघणारी पोरं आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी नववी सिंफनी पहिल्यांदा ऐकली असेल ती 'इव्हँगेलियन'मध्येच. मी त्यांच्यातलीच एक. माझ्यासाठी ते अजूनही 'कावोरूचं गाणं' आहे. मागच्या वर्षी एका लग्नाच्या हॉलमध्ये ती चाल वाजली आणि माझ्या पोटात गोळा आला. सगळे टाळ्या वाजवत होते.

म्हणून माझा नवा प्रश्न असा: रचनेची आधीची ओळख असेल तर उलट दिशेच्या संगीताचा परिणाम बदलतो का?

इथे एक सापळा आहे. 'ओळख असलेले' आणि 'नसलेले' असे दोन गट सरळ उचलले तर ते शहर, शाळा, घरची परिस्थिती यांतही वेगळे असतील. फरक दिसला तर तो कशाचा? म्हणून ओळख असलेले लोक शोधण्यापेक्षा ओळख तयार करायची. कुणालाच माहीत नसलेली एक रचना निवडायची. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे. एका गटाला आठवडाभर ती रचना आनंदाच्या प्रसंगांसोबत ऐकवायची, दुसऱ्याला दुसरी कुठलीतरी. मग दोघांना तोच संवाद नसलेला सीन दाखवायचा. आवाजाची पातळी सारखी ठेवायची. सीन त्रासदायक असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यायची आणि मधूनच उठून जायची मुभा द्यायची.

आता सरांच्या प्रश्नाला उत्तर आहे. दोन्ही गटांची उत्तरं सारखीच आली, तर माझं म्हणणं चूक.

एक व्यावहारिक गोष्ट. 'बीथोव्हेन कॉपीराइट-मुक्त आहे' हे अर्धसत्य. रचना मुक्त आहे, पण एखाद्या ऑर्केस्ट्राने केलेलं ध्वनिमुद्रण मुक्त असेलच असं नाही, आणि ॲनिमेचा सीन तर नाहीच. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधनासाठी 'फेअर डीलिंग'ची तरतूद आहे, पण प्रयोग सुरू करण्याआधी तुमच्या संस्थेकडून लेखी सल्ला घ्या. नंतर धावपळ नको.

जाता जाता, घरचा अभ्यास

तुमच्या आवडीच्या विषयाचा एक सीन, एक घटना, एक नमुना घ्या. वहीत चार ओळी लिहा. मी कोणता शब्द व्याख्या न करता वापरतेय किंवा वापरतोय? कोणती गोष्ट मी फक्त माझ्या अनुभवावरून सगळ्यांना लावतोय? माझ्या स्पष्टीकरणाशी भांडेल असं दुसरं स्पष्टीकरण कोणतं? आणि चौथी ओळ म्हणजे सरांचा प्रश्न: मी चूक ठरायला काय दिसायला हवं?

चौथी ओळ कोरी राहिली तर घाबरू नका. माझी आठ महिने कोरी होती. फक्त ती कोरी असताना फॉर्म भरू नका.

आणि ॲनिमेचाच विषय घ्यायचा असेल, तर आपल्या अगदी जवळची एक वाट अजून बरीच मोकळी आहे. १९९२ चा 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा भारत आणि जपानने मिळून केलेला ॲनिमे सिनेमा. त्याचं संगीत होतं मुंबईच्या वनराज भाटियांचं, ज्यांचं शिक्षण लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात परंपरेत झालं होतं. रामकथा, जपानी रेखाटन आणि असा संगीतकार. कुणी हात घातला तर मला नक्की कळवा. प्रश्न मात्र आधी लिहा, शीर्षक नंतर.

भेटू पुढच्या लेखात. तोवर हेडफोन सांभाळा आणि डेटाचा बॅकअप घ्या.